सात नंबरचं उत्तर

१

साडेदहाला धान्य वाहून नेणारे पट्टे थांबले की आस्गर आधी कानातले बोळे काढायचा, मग डबा उघडायचा आणि मग बारा कोठ्यांची हजेरी घ्यायला निघायचा. डबा उघडायचा म्हणजे नुसतं झाकण काढून ठेवायचा. राय धान्याच्या काळ्या पावावरचं कलेजीचं वाटण जरा हवेशीर झालं की चांगलं लागतं, असं त्याचं म्हणणं होतं. आयगिल त्यावर म्हणायचा, "तुझ्या पावाला हवा नको, औषध हवंय." आता असं म्हणायला कोणी नव्हतं, पण झाकण मात्र अजून काढून ठेवलं जायचं.

लोलंड बेटाच्या त्या छोट्या बंदरात सोसायटीचा सायलो म्हणजे सिमेंटच्या बारा उंच गोल कोठ्या, एकमेकींना खेटून उभ्या. प्रत्येक कोठी सात मीटर रुंद, तिशीच्या वर मीटर उंच, आणि आत गळ्यापर्यंत धान्य. खालच्या मजल्यावर आस्गर, वरच्या मजल्यावर आयगिल, अशी एकोणीस वर्षं गेली होती. आयगिल गेल्या सप्टेंबरात नाहीसा झाला आणि सोसायटीने त्याच्या जागी एक कॅमेरा बसवला.

जानेवारीत विद्यापीठातून बेनेडिक्टे नावाची मुलगी आली आणि तिने प्रत्येक कोठीला, साधारण माणसाच्या छातीच्या उंचीला, एक यंत्र लावलं. एका बाजूला लोखंडी चोच, समोरच्या बाजूला कान. चोच भिंतीवर एकदा टोचायची, तो आवाज धान्यातून पलीकडच्या कानापर्यंत जायचा आणि पडद्यावर रेघ उमटायची. आधी एक उंच उभार, मागे लांबलचक थरथरती शेपटी.

"आवाज धान्यातून सरळ जात नाही," तिने आस्गरला समजावलं होतं. "ज्या दाण्याने शेजारच्या दाण्याला घट्ट धरलंय, त्यांच्या साखळीतून तो वाट काढतो. बाकीचे दाणे नुसते बघे. धान्य सैल असलं तर तो इतका रेंगाळतो की हवेतला आवाज त्याच्या कितीतरी पुढे निघून जातो. आळशी असतो बघ जवातला आवाज."

"आणि ही शेपटी?"

"ती त्या कोठीची सही. आत एक मूठभर दाणे सरकले तरी सही बदलते. नाही सरकले तर रोज तीच."

सात नंबरची झडप सप्टेंबरापासून बंद होती. आत जव होता, बिअरवाल्यांसाठी राखलेला, त्याच्या प्रतीवरून कसला तरी वाद चालला होता. तेव्हा सातची सही रोज तीच असायला हवी होती. फेब्रुवारीच्या एका सकाळी आस्गरला तिच्या शेपटीत एक बारीकसा उंचवटा दिसला. दुसऱ्या दिवशीही तो होता, फक्त किंचित पुढे.

२

त्या सायलोत बोलायची एक पद्धत होती. पट्टे सुरू असले की ओरडून काही ऐकू जात नसे, आणि वॉकीटॉकी सिमेंटपुढे हात टेकायची. म्हणून झडप उघडण्याआधी खालचा माणूस लाकडी मोगरीने भिंतीवर तीन ठोके द्यायचा. तीन म्हणजे, आत कोणी आहे का? वरच्या माणसाने झाकण उघडून कोठीत डोकावायचं आणि लोखंडी कांबेने उत्तर द्यायचं. दोन म्हणजे कोणी नाही, उघड. एक म्हणजे थांब, आत माणूस आहे. झडप उघडी असताना धान्यावर उभा असलेला माणूस चार श्वासांत कमरेपर्यंत जातो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

एकोणीस वर्षांत उत्तर नेहमी दोनच आलं. हजारो वेळा दोन. मग हळूहळू काय झालं, तर आस्गर तीन ठोके द्यायचा आणि दुसऱ्या हाताने झडपेचं चाक फिरवायलाही लागायचा. उत्तर येईपर्यंत झडप अर्धी उघडलेली असायची. आयगिलला ते ठाऊक होतं. "एक दिवस तुला मी गाणं वाजवून दाखवीन," तो म्हणायचा, "तरी तू चाक फिरवतच राहशील." दोघंही हसायचे.

सतरा सप्टेंबरला आस्गरने सातवर तीन ठोके दिले आणि चाक फिरवलं. उत्तर आलं की नाही, हे त्याने ऐकलंच नाही. ऐकलं नाही म्हणजे कान दिला नाही. दोन आले असतीलही. आठ मिनिटांनी जवाची धार बारीक झाली आणि थांबली. असं होतं कधी कधी, ओलसर गाठ तोंडाच्या जाळीवर येऊन बसते. त्याने झडप बंद केली आणि बाकीचा माल आठमधून भरला. जेवायच्या वेळी आयगिल खाली आला नाही तेव्हा तो वर गेला. सातचं झाकण उघडं होतं. आत जवाच्या मधोमध एक सुबक खळगा पडला होता, झडप उघडल्यावर पडतो तसा. कांब कुठे दिसली नाही.

आयगिलची सायकल धक्क्याच्या टोकाशी होती, ती तिथेच असायची. त्याची टोपी पाण्यात सापडली. वारा होता त्या दिवशी. पोलिसांनी विचारलं, "वरून उत्तर आलं होतं?"

"हो," आस्गर म्हणाला. "दोन."

मग चार दिवस होड्या समुद्रात शोधत राहिल्या. सात नंबर उपसून बघायचं कोणाला सुचलं नाही, कारण दोन म्हणजे कोणी नाही.

३

दर गुरुवारी थ्यूरा यायची. आयगिलची मोठी बहीण, सत्तरीला टेकलेली, चर्चमागच्या पिवळ्या घरात भावाबरोबर राहायची. पूर्वी ती भावाचा डबा घेऊन येई. आता थर्मास आणि वेलचीचे पाव घेऊन येते, आणि दोन कप आणते. तिसरा आणत नाही, म्हणजे तिच्या मनात हिशोब पक्का आहे, पण पाव मात्र तीन असतात. यंत्राची आणि जवातल्या आळशी आवाजाची गोष्ट आस्गरने तिला अशाच एका गुरुवारी सांगितली होती.

"खा की," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाकडे बघून वाटतं, चर्चमधल्या उंदराने उपास धरलाय."

"खातोय."

"पाद्री परत आला होता. म्हणतो, थडग्याचा दगड लावून टाक, नुसतं नाव घाल. मी म्हटलं, कुठे लावू? समुद्रात?" तिने कपातली कॉफी हलवली. तिच्यात हलवण्यासारखं काही नव्हतं, साखर ती घेत नसे. "आस्गर, एकदा परत सांग ना."

प्रत्येक गुरुवारी ती हे विचारायची, आणि प्रत्येक गुरुवारी आस्गर तेच सांगायचा.

"मी तीन दिले," तो म्हणाला. "त्याने दोन दिले."

"खणखणीत?"

"खणखणीत."

थ्यूराने मान हलवली. तिला बरं वाटलं, ते तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. "म्हणजे तेव्हा तो ठीक होता. कामावर होता. पुढे त्याच्या मनात काय आलं ते त्याचं त्याला माहीत. पण शेवटचा शब्द त्याने तुला दिला, हे बरं झालं. परक्याला नाही दिला."

ती गेल्यावर आस्गर बराच वेळ तिसऱ्या पावाकडे बघत बसला. आपण भित्रे आहोत, हे त्याला इतके महिने माहीत होतं. पण हे खोटं आता नुसतं त्याचं राहिलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईने ते घरात नेऊन जपून ठेवलं होतं.

४

मार्चच्या शेवटी त्याने बेनेडिक्टेला फोन केला. सगळ्या रेघा तिच्याकडे जातच होत्या.

"सात ना?" ती म्हणाली. "मी बघितलंय. गंमतच आहे. पहिल्यांदा वाटलं कानच बिघडला. पण तोच कान मी चार नंबरवर लावून बघायला सांगितला होता ना तुला, तिथे ठीक चालला."

"मग काय आहे ते?"

"आत काहीतरी आहे जे आवाज परत फेकतंय. ओली गाठ असेल, घट्ट झालेली. जानेवारीत ती कानाच्या बाजूच्या भिंतीपासून दीडेक मीटरवर होती, आता त्या भिंतीकडे सरकतेय. रोज साधारण बोटभर."

"झडप बंद आहे, बेनेडिक्टे."

"म्हणूनच म्हटलं, गंमत आहे."

"झडप बंद असली की जव दगड असतो. त्यात काही सरकत नाही. वरून तीस मीटरचं ओझं असतं."

"धान्य तापतं, निवतं, बसतं. भिंतसुद्धा उन्हाने फुगते. काहीतरी साधंच कारण निघेल. नवव्या तारखेला जहाज येतंय ना? कोठी रिकामी झाली की गाठ हातात घेऊन बघ आणि मला फोटो पाठव."

"पाठवतो."

"आणि आस्गर, तू एकटाच असतोस का रे तिथे?"

"कॅमेरा आहे," तो म्हणाला. ती हसली. त्याने विनोद केला नव्हता.

५

आस्गर वजनकाट्यावरच्या दोन खोल्यांत राहायचा. बायको फार वर्षांपूर्वी ओडन्सला गेली ती तिथलीच झाली. टेबलाला दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक आयगिलची, बुद्धिबळाची. पटावर सप्टेंबरातला डाव अजून मांडलेला होता आणि खेळी आयगिलची होती. धूळ पुसताना आस्गर सोंगट्या एकेक करून उचलायचा आणि त्याच घरात ठेवायचा.

त्या रविवारी दुपारी, खिडकीत छान ऊन असताना, त्याने चौकटीचा कागद घेतला. आडव्या बाजूला दिवस, उभ्या बाजूला भिंतीपासूनचं अंतर. बेनेडिक्टेने दिलेले आकडे त्याने टिंबांनी मांडले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. टिंबं पट्टी लावल्यासारखी सरळ आली. मग त्याने खरंच पट्टी लावली आणि रेघ मागे वाढवली, कोठीच्या मध्यापर्यंत.

सतरा सप्टेंबर.

त्याने पट्टी काढून पुन्हा लावली. मग पुढे वाढवली, भिंतीपर्यंत. नऊ एप्रिल. जहाजाचा गुरुवार.

योगायोग, तो मोठ्याने म्हणाला. खोलीत आवाज जरा जास्तच झाला. ओली गाठ सप्टेंबरात जाळीवर अडकली, तिथून निघाली, यात नवल काय? पण ती निघाली कशी, हे त्याला सांगता येईना. आणि त्याच्या डोक्यात एक वेडगळ विचार शिरला तो शिरलाच. जवातला आवाज आळशी असतो, ती पोरगी म्हणाली होती. तो दाण्यादाण्याला विचारत जातो. समजा त्या दिवशी उत्तर आलं होतं. वरून, झाकणाच्या कडेवरून नव्हे. आतून. मधून. आणि ते कोणी ऐकायला थांबलं नाही, म्हणून ते आपल्या चालीने निघालं असेल, रोज बोटभर.

असं काही नसतं, हे आस्गरला पक्कं ठाऊक होतं. आवाज विझतो. शाळेत न गेलेल्या माणसालाही ते कळतं. तरी त्याने स्वतःला विचारलं, ते उत्तर दोन असेल की एक? दोन असलं तर आयगिल वर सुखरूप उभा होता, आपण खोटं बोललो पण खरंच बोललो, आणि थ्यूराचा समुद्र खरा. एक असलं तर.

त्याने कागद घडी करून पटाखाली ठेवला. त्या दिवशी तो जेवला नाही.

६

बुधवारी साडेदहाला पट्टे थांबले तेव्हा तो हजेरी सोडून वर गेला. शंभराच्या वर पायऱ्या, गुडघे कुरकुरत होते. सप्टेंबरनंतर तो इथे आला नव्हता. वरचा मजला उजेडाने भरला होता, खिडक्यांतून समुद्र दिसत होता, आणि बारा झाकणं आपापल्या जागी निमूट बसली होती. कॅमेऱ्याखाली आयगिलचं रिकामं पोतं होतं, तो ज्यावर बसायचा ते. त्यात अजून बसल्याचा खळगा होता.

त्याने सातचं झाकण सरकवलं आणि आत टॉर्च मारला.

जवावर धुळीची मऊ साय आली होती. सात महिने कोणी श्वासही टाकला नव्हता तिथे. मधला खळगा त्याने शोधला. मध्यावर तो नव्हता.

मध्यावरून एक उथळ चर निघाला होता, पाणी साचलेल्या शेतातून कोणी पाय ओढत गेल्यावर राहतो तसा, आणि तो सरळ भिंतीकडे गेला होता. ज्या भिंतीला खाली कान लावला होता त्याच भिंतीकडे. तिथे, कडेला चिकटून, खळगा होता. जे काही चाललं होतं ते तीस मीटर खाली चाललं होतं, आणि वरचा जव त्याच्या मागोमाग खचत आला होता.

आस्गरने तोंड उघडलं. हाक मारायची होती. नाव ओठापर्यंत आलं आणि त्याला अशी भीती वाटली, की हाकेला ओ आली तर? त्याने झाकण लावलं. खाली येताना त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला होता.

७

गुरुवारी जहाज लागलं. वारा नव्हता, शेतांवर चंडोल ओरडत होते. पट्टे अजून सुरू व्हायचे होते. थ्यूरा थर्मास घेऊन आली आणि नेहमीच्या पेटीवर बसली.

"आज सात काढताय म्हणे," ती म्हणाली. "बरं झालं. एकदाची रिकामी होऊ दे."

भिंतीवरचा फोन वाजला. ऑफिसातला प्रेबेन होता. "हिरवा दिवा लागलाय ना, आस्गर? कॅमेरा म्हणतोय वर कोणी नाही. मग उघड की. कप्तान माझ्या डोक्यावर बसलाय."

"उघडतो."

हिरवा दिवा लागलेला होता. आता ठोके द्यायची गरज नव्हती, नियमच बदलला होता. आस्गरने खुंटीवरची मोगरी काढली. एक हात चाकावर होता. सवयीने गेला होता तो. त्याने तो मुद्दाम मागे घेतला आणि मग भिंतीवर तीन ठोके दिले.

"कोणाला विचारतोयस?" थ्यूराने विचारलं. "वर कोणी नाही ना?"

"नाही."

"मग उघड."

"थांबायचं असतं, थ्यूरा."

"किती वेळ?"

"उत्तर येईपर्यंत."

धक्क्यावर कोणीतरी दोर फेकल्याचा आवाज आला. पडद्यावर सातची सकाळची रेघ होती. उंचवटा शेपटीत कुठेच नव्हता, पहिल्या उभारात मिसळून गेला होता. आस्गर उभा राहिला. आयुष्यात इतका वेळ तो या भिंतीपुढे कधी उभा राहिला नव्हता. काही येणार नाही, तो स्वतःला सांगत होता. मिनिटभर थांबू, काही येणार नाही, मग उघडू.

ठोका वरून आला नाही. तो भिंतीच्या पलीकडून आला, यंत्राच्या कानाशेजारून, छातीच्या उंचीवरून. जाड हातमोजा घातलेल्या मुठीने टेबलावर मारावा तसा बद्द.

थ्यूराने कप खाली ठेवला. एकोणीस वर्षं तिच्या घरात जेवणाच्या टेबलावर तीन, दोन आणि एकचे विनोद झाले होते.

"एक," ती म्हणाली.

दोघंही थांबले. चंडोल ओरडत राहिले.

"दुसरा कुठाय, आस्गर?" तिचा आवाज अगदी साधा होता, दुकानात सुटे पैसे कमी आल्यावर विचारतात तसा. "तू म्हणाला होतास, दोन."

"मी ऐकलंच नव्हतं," आस्गर म्हणाला. त्याला वाटलं होतं हे वाक्य बाहेर यायला फार कष्ट पडतील. काही पडले नाहीत. "तीन दिले आणि चाक फिरवलं. थांबलोच नाही मी. काय आलं, आलं की नाही, मला माहीत नाही. तुला दर गुरुवारी खोटं सांगितलं."

थ्यूरा उठली. ती आपल्याला मारेल असं त्याला वाटलं, आणि मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती त्याच्या बाजूने भिंतीपाशी गेली आणि तिने सुरकुतलेला तळवा यंत्राच्या शेजारी सिमेंटवर ठेवला. तिथेच, जिथून ठोका आला होता.

"कोमट आहे," ती म्हणाली.

"ओलं धान्य तापतं," आस्गर म्हणाला. हे खरंच होतं. ओलं धान्य तापतं.

फोन वाजायला लागला. जहाजाने भोंगा दिला, लांब, चिडलेला. हिरवा दिवा तसाच होता.

"दुसरा वाटेत असेल का रे?" थ्यूराने विचारलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. "आळशी असतो म्हणालास ना आवाज. असेल वाटेत."

आस्गरने मोगरी खाली ठेवली. तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. सिमेंट कोमट होतं, आणि एवढ्या जागेपुरतंच होतं, तळव्याएवढ्या.

"असेल," तो म्हणाला, आणि या वेळी तो थांबला.